गुंड्याची टिपणं

खड्डा खोल हवा, असं सगळ्यांनीच बजावलं. उथळ राहिला तर पावसात वास सुटतो, गल्लीतली कुत्री उकरतात. कुंपणालगत सीताफळाजवळ खणायला घेतलं, तर हातभरावर मुरूम लागला. फावड्यानं भागेना, शेजारून पहार आणली. तो ज्या सतरंजीवर झोपायचा तिच्यातच गुंडाळला, वर जाडं मीठ, माती, दगड. चुना टाकायचा की नुसतं मीठ पुरे, यावर नवरा आणि शेजारी पावसात उभं राहून बराच वेळ बोलत होते. अशा वेळी माणसांना वादाला काहीतरी मिळालं की बरं पडतं.

*

जात कुठली, असं लोक विचारायचे. साताऱ्याच्या एसटी स्टँडमागे पोराला सापडला, तीच त्याची जात. हल्ली गावठीला ‘इंडी’ म्हणतात, ते त्याला कळलं असतं तरी फरक पडला नसता. हळदुळा रंग, एक कान उभा, एक कायम मुडपलेला. गॅसचा टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आधी त्याला कळायचा. रेनकोट घातलेल्या माणसावर त्याचा राग होता, मग तो घरातला का असेना. दिवाळीचे चार दिवस मुक्काम न्हाणीघरात, बादलीच्या मागे.

स्वयंपाकघरात यायचं नाही, हा आईंचा नियम. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) तो त्यानं पहिल्याच आठवड्यात आत्मसात केला आणि त्यातली पळवाटही शोधली. पंजे उंबऱ्याबाहेर, हनुवटी उंबऱ्यावर. सोवळं हनुवटीला लागू नव्हतं. आई पोळ्या लाटत असत आणि तो लाटण्याबरोबर नजर इकडून तिकडे फिरवत असे. त्या पाठमोऱ्याच म्हणायच्या, “कळलंय मला.”

*

किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. कागदावर आकडा उमटतो तेव्हा शरीरानं बरंच निभावून नेलेलं असतं. मग पाणी पीत राहणं, तोंडाला तो आंबूस वास, आवडीच्या खाण्याकडे पाठ.

सलाइन घरीच द्यायचं. शिरेतून नाही, कातडीखाली. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू झाला की त्यात सुई, बाटली खुंटीला. थोड्या वेळात तिथे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा येतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून मग लावायची, नाहीतर थंडगार पाणी आत गेलं की जनावर शहारतं. रात्री तो फुगा घरंगळून पुढच्या पायाकडे यायचा आणि सकाळपर्यंत जिरायचा. सुई टोचताना गुंड्या कधी गुरगुरला नाही. बाटली संपत आली की मात्र सुस्कारा टाकायचा, कंटाळवाण्या भाषणाला बसवल्यासारखा. नवऱ्याला सुई बघवत नसे, म्हणून तो पंख्याकडे बघत पाय धरून बसायचा.

*

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल नावाची जागा आहे. तिथल्या दगडखाणीत १९१४ मध्ये एक पुरुष, एक बाई आणि कुत्रं यांचे अवशेष एकत्र पुरलेले सापडले, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे. कुत्रं म्हणजे खरं तर पिल्लूच, सातेक महिन्यांचं. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी २०१८ मध्ये असं मांडलं की त्याला डिस्टेंपर झाला असावा, तोही एकदा उलटून पुन्हा, आणि कोणी काळजी घेतल्याशिवाय ते इतके आठवडे तगलं नसतं. आजारपणात त्याचा शिकारीला उपयोग शून्य. उलट्या-जुलाबांनी बेजार पिल्लाला कोणीतरी पुसत होतं, पाणी पाजत होतं, ऊब देत होतं.

हे वाचल्यावर मला त्या बाईशी बोलावंसं वाटलं. पंख्याकडे बघणारा कोणी तिच्याकडेही असणार.

*

सूतक नाही. दहावा-तेरावा नाही. कामावर रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं हाही प्रश्न. ‘घरगुती अडचण’ लिहिलं. माणूस गेला की पुढचे तेरा दिवस काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्यात रडायलाही जागा नेमून दिलेली असते. इथे दुसऱ्या दिवशी दूधवाला आला आणि नेहमीसारखं अर्धा लिटर जास्त घातलं.

“दुसरं पिल्लू आणा” असं म्हणणाऱ्यांवर मी चिडत नाही. त्यांना काहीतरी बोलायचं असतं. कोपऱ्यावरची भाजीवाली मात्र टोपली बाहेर ठेवून ओसरीवर येऊन बसली, कोणी गेल्यावर बसतात तशी, आणि चहा नको म्हणाली.

*

रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचं स्मारक आहे. महाराजांच्या चितेत उडी घेणारा कुत्रा म्हणून त्याची कथा सांगतात. समकालीन कागदात त्याला आधार नाही. स्मारक १९३६ चं, तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून झालेलं. २०१२ मध्ये पुतळा काही लोकांनी काढून टाकला, तो परत बसवला गेला, आणि वाद अजून मिटलेला नाही. इतिहासाचं इतिहासकार बघतील. मला नवल वाटतं ते या कथेच्या मागणीचं. कुत्र्यानं उडी घ्यायला का हवी? आमचा लवंगी फटाक्याला न्हाणीघर गाठायचा. निष्ठेत काही कमी होतं असं मला तरी दिसलं नाही.

महाभारताशीही माझी हीच तक्रार. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला विनाकारण मारतात आणि ती आई भर सत्रात येऊन जाब विचारते. शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो. इथपर्यंत उत्तम. पण मग तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. नुसता कुत्रा राहिला असता तर युधिष्ठिर आणखी मोठा ठरला असता.

*

पितृपक्षात अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं श्राद्ध. पंचबळीत गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचं पान असतं. यमाच्या दारातले श्याम आणि शबल हे दोघे कुत्रे सरमेचेच वंशज. माणसाच्या श्राद्धात कुत्र्याला वाटा आहे, कुत्र्याचं मात्र श्राद्ध नाही. अण्णांच्या नावाचं ते पान दरवर्षी गुंड्याच खायचा. आधी वडा, मग खीर, गवारीची भाजी पत्रावळीच्या कडेला नीट बाजूला काढलेली.

यंदा आईंनी कुत्र्याच्या पानावर एकाऐवजी दोन वडे वाढले. भटजींनी बघितलं, बोलले नाहीत. पान फाटकाबाहेर ठेवलं. गल्लीतला लंगडा काळ्या, ज्याच्याशी गुंड्याचं आयुष्यभर वैर, तो कावळ्यांना हुसकावत आला आणि गवारीसकट सगळं पान साफ करायला लागला. मी त्याला हाकलायला निघाले होते.

“राहू दे गं,” आई म्हणाल्या, आणि फाटकावरून वाकून त्याला दम भरला, “सावकाश गीळ मेल्या, ठसका लागेल.”