छपराखालचा चौक

मुलीकडे अमेरिकेला गेलो तो नेमका जानेवारीत. मिनेसोटा राज्यातले एडायना हे गाव. बाहेर शून्याखाली २० अंश! चार दिवस खिडकीतून बर्फ पाहिला. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला चौकात सोडते."

चौक कसला, साउथडेल नावाचा मॉल तो! पण त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुशिल्पी अमेरिकेत आला. मोटारीतून दुकानात नि दुकानातून मोटारीत, हे इथले जिणे पाहून त्याला आपल्या शहरातले चौक आठवत. डेटन या व्यापारी घराण्यासाठी त्याने छपराखाली चौकच उभारला. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तो खुला झाला. ७२ दुकाने, पिंजऱ्यात पक्षी आणि बारा महिने वसंत! चहूकडून बंदिस्त, हवा हवी तशी राखलेला असा अमेरिकेतला हा पहिला मॉल.

सभोवती घरे, शाळा, बाग, तळे अशी त्याची मूळ योजना. प्रत्यक्षात मॉलला वेढा पडला मोटारींचा. देशभर नकला निघाल्या. त्यांत दुकाने आली, चौक राहून गेला. ग्रुएन व्हिएन्नाला परतला, आणि १९७८ साली त्याने या अपत्यांचे पितृत्वच नाकारले.

मी बाकावर टेकलो. शेजारी एक काठीवाले आजोबा बसले.

"तुमच्याकडे बर्फ पडतो?"

"नाही. आमच्याकडे माणसे रस्त्यावरच भेटतात."

"आमच्याकडे इथे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्यांनी बाकावर टोपी ठेवून माझी जागा धरली होती.