मुरुड ते केळशी, व्हाया दोन जेट्टी

कोकणात सपाट रस्ता नसतो, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात ठळक छापायला हवी. नकाशावर समुद्राच्या कडेने छान सरळ रेघ दिसते. प्रत्यक्षात खाडी आली की उतार, आणि खाडी ओलांडली की पुन्हा चढ. गिअर रेशो म्हणजे काय ते लेक्चरला जेवढं कळलं नाही तेवढं मला दिघीच्या पुढे कळलं. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे मंडळी, सांभाळून घ्या!)

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा रूम पार्टनर, दोघंच निघालो. आदल्या दिवशी अलिबागहून मुरुड झालं होतं. त्याचं घर दापोली तालुक्यात, केळशीला. एसटीने तो केव्हाच पोचला असता. पण एसटी फार लवकर पोचते, असं त्याचं म्हणणं. त्याला वायडी लागला होता. रिव्हॅल्युएशनमध्ये निघेल या आशेवर त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं, आणि रिव्हॅल्युएशनचा निकालही सुट्टीच्या तोंडावर लागला. तोच!

पहाटे साडेपाचला मुरुड सोडलं. आगरदांड्याला पहिली जेट्टी. सायकली बोटीच्या कठड्याला टेकवून चहा घेतला, पलीकडे दिघी. मग दिवेआगर. इथे १९९७ साली सुपारीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा मूर्ती बसवली. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो आणि पार्टनरचं लक्ष भलतीकडेच. तो बागा बघत होता.

"हे माड नवे आहेत," तो म्हणाला.

माड म्हणजे नारळाचं झाड, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दंड होता, त्यामुळे असले शब्द राहूनच गेले. असो.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही दोघं तेव्हा शाळेत होतो. मी ते टीव्हीवर पाहिलं. त्याने घराच्या माळ्यावरून, कौलं उडालेल्या भोकातून पाहिलं. सुपारीची झाडं आधी वाकली आणि मग काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. घर चालायचं ते त्या वाडीवर. नवीन सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. मधल्या वर्षांत त्याच्या बाबांनी दोन म्हशी विकल्या, आणि तो इंजिनिअरिंगला आला. एवढं सांगून त्याने सायकल पुढे काढली. शेखाडीचा रस्ता अगदी पाण्याला लागून जातो, अख्ख्या टूरमधला सगळ्यात सुंदर तुकडा, आणि आम्ही तो एक शब्दही न बोलता संपवला.

श्रीवर्धनला मासे-भात. पेशव्यांचं हे गाव, पण उन्हात बाळाजी विश्वनाथांपेक्षा कोकम सरबताची आठवण जास्त येते.

बागमांडल्याला दुसरी जेट्टी. सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. बोटीवर तो पुटपुटत होता. "बाबा, एक सांगायचं होतं." मग, "बाबा, जरा प्रॉब्लेम झालाय." मी व्हायवाच्या एक्स्टर्नलसारखा समोर बसून मान हलवत होतो.

वेसवीनंतर चढ आले, अंधार आला, माझं मागचं चाक पंक्चर झालं. मोबाईलच्या उजेडात त्याने पॅच मारला, एकदम व्यवस्थित, एरवी मारतो त्यापेक्षा दुप्पट वेळ घेऊन. त्यापुढे तो उतारावरही ब्रेक दाबून चालवत होता.

केळशीत पोचलो तेव्हा मीटरवर ११४ किलोमीटर. काका बॅटरी घेऊन अंगणात उभे होते. पार्टनरने सायकल स्टँडला लावली आणि पाय धुवायच्या आधीच सांगून टाकलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "किती विषय?"

"पाच."

"हं. जेवून घ्या आधी."

जेवताना काकू मला वाढत होत्या आणि त्याच्याकडे बघत नव्हत्या. नंतर काका आम्हाला बॅटरी घेऊन मागे वाडीत घेऊन गेले. वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या.

"यंदा धरेल असं वाटलं होतं," काका मला म्हणाले. "नाही धरली."

पार्टनर मागून म्हणाला, "पाणी कोण घालतं हल्ली?"

"मीच. अजून कोण? आता आहेस तोवर तू घाल."