कागद गाडीचा, बॅटरी माझी

भंगारवाल्याने मला फसविले असे म्हणावे, तर त्याने एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते. आणि हीच गोष्ट मला अद्याप सलते आहे.

माझ्या विद्युत मोटारीची बॅटरी हमीची मुदत उलटल्यावर क्षीण झाली, नवीची किंमत ऐकून छाती दडपली, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याच बनावटीच्या गाडीतून काढलेली बॅटरी मिळाली, एवढी पूर्वपीठिका पुरे. दुकानदाराने मीटर लावून दाखविला. व्होल्टेज यथायोग्य होते. परंतु घटांची क्षमता किती उरली आणि विद्युत्‌रोधन शाबूत आहे की नाही, याविषयी तो आकडा मौनच पाळतो.

सर्व्हिस प्लग उपसला तरी आतले घट जिवंतच राहतात, म्हणून रबरी हातमोजे चढवून मिस्त्रीने तीनशेहून अधिक व्होल्टच्या त्या संचाचे झाकण उघडले, तो तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट क्षार आणि तळाशी वाळलेला गाळ. ‘‘काका, ही पुरातली आहे. गाडीत बसवणार नाही, आणि तुम्ही सोसायटीच्या आवारातही ठेवू नका,’’ एवढेच तो म्हणाला. मागे राहिलेल्या क्षारांतून वीज वाट काढते आणि पाणी ओसरल्यानंतर कित्येक दिवसांनीही आग लागू शकते; 2022 साली इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्या अशाच पेटल्या होत्या.

मी तावातावाने दुकान गाठले. दुकानदाराने निर्विकारपणे फाईल काढून माझ्यापुढे सरकविली. तीत विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल होता, पाणी आसनांपर्यंत चढल्याची स्पष्ट नोंद होती, गाडी संपूर्ण निकामी ठरवून लिलावात काढल्याचा दस्तऐवज होता, त्यावर शिक्के होते, सह्या होत्या. ‘‘मग हे मला का दाखविले नाही?’’ ‘‘साहेब, तो कागद गाडीचा. तुम्ही घेतली बॅटरी.’’ या युक्तिवादावर मी अनेक रात्री विचार केला. चासी नंबराच्या नावे दप्तरी इतका चोख पंचनामा व्हावा, आणि गाडीचे अवयव सुटे होताच तिच्या साऱ्या पूर्वेतिहासाने कागदातच समाधी घ्यावी, यात अन्याय कोणाचा म्हणावा? पावतीवर तर ‘माल पाहून घेतला, तक्रार चालणार नाही’ असे छापलेले होतेच.

2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे मी तो संच अखेर पुनर्चक्रण करणाऱ्याच्या स्वाधीन केला, पैसे बुडाले. ज्यांना अशी जुनी बॅटरी घ्यायचीच असेल त्यांनी मूळ गाडीचा चासी नंबर व सर्वेक्षणाचा अहवाल आधी मागावा, आणि मेगरने विद्युत्‌रोधन तपासल्याखेरीज बयाणा देऊ नये. हा बाजारच सरकारने बंद करावा, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले होते. तथापि गाडीचा फुटलेला आरसा बदलण्याची वेळ आली तेव्हा मी त्याच दुकानात गेलो. आरसा निर्दोष निघाला, किंमत वाजवी होती, आणि दुकानदाराने आग्रहाने चहाही पाजला.