बिल्टी मागण्याचा संकोच

मे-जून हे महिने विद्यार्थ्यांच्या घरांत दुहेरी गडबडीचे असतात. एकीकडे परीक्षांचे निकाल, तर दुसरीकडे बिऱ्हाडाची हलवाहलव. कोणी पुण्यांतील शिक्षण संपवून नोकरीसाठीं बंगळुरास निघतो, कोणी नागपूर सोडून मुंबईस पुढील अभ्यासाला जातो. मुलानें कोणती शाखा घ्यावी यावर आपल्या घरांत आजोबांपासून धाकट्या काकूंपर्यंत सर्वांचें मत घेतलें जातें. परंतु त्याची खाट, पुस्तकें आणि दुचाकी कोणाच्या गाडींतून जाणार, हा प्रश्न एकट्या त्याच्यावर सोंपविला जातो. सामान हलविण्याच्या धंद्यांत जे लबाड लोक शिरले आहेत, त्यांचें फावतें तें नेमकें येथें.

या लबाडीची रीत बहुधा ठरलेली असते. मुलगा मोबाईलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ शोधून आपला नंबर एका ठिकाणीं देतो, आणि तासाभरांत दहा ठिकाणांहून फोन येतात. त्यांतील एकजण सामान न पाहतांच सर्वांत कमी भाडें सांगतो. त्याच्या कंपनीचें नांव एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या नांवाशीं मिळतेंजुळतें असतें. एका खोलीच्या सामानानें मोठा ट्रक कांहीं भरत नाहीं. म्हणून तें लहान टेंपोंतून गोडाऊनांत जातें व तेथून इतरांच्या सामानाबरोबर दुसऱ्या गाडींत चढतें. ही सोय प्रामाणिक व्यापारीही करतात. पण याच वळणावर लबाडाच्या हातीं गेलेल्या सामानाचा माग सुटतो. मग फोन येतो: ‘वजन वाढलें, सीमेवर कर भरावा लागला, आणखी पैसे पाठवा, नाहीं तर गाडी हलणार नाहीं.’

आमच्या घरांतच २०२३ सालीं हा अनुभव आला. आमच्या पुतण्यानें पुण्याहून बंगळुरास सामान पाठविलें. भाडें ठरलें होतें आठ हजार. तिसऱ्या दिवशीं मागणी आली आणखी चौदा हजारांची. सामान म्हणजे काय, तर पुस्तकें, कुकर, टेबल आणि आमच्या मातोश्रींनीं जुन्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी. मातोश्री त्यापूर्वीं वर्षभर आधींच निवर्तल्या होत्या. कुकर नवा घेतां येतो. गोधडी येत नाहीं. बाजारांत ज्या वस्तूला कवडीची किंमत नाहीं, तिच्यासाठींच माणूस अधिक अडतो, हें अडविणारा पुरतें जाणून असतो. पुतण्यानें मित्रांकडून उसने घेऊन पैसे भरले आणि तीन आठवडे घरीं अवाक्षर काढलें नाहीं. पुढें विचारलें तेव्हां म्हणाला, “काका, तुम्ही पहिल्यानें बिल्टी मागितली असती, आणि माझ्याजवळ ती नव्हती. मी मागितली तेव्हां तो गृहस्थ म्हणाला, ‘आमच्यावर विश्वास नाहीं का?’ वयानें मोठा माणूस, पुढें बोलवेना.”

या उत्तरांत सर्व रोगाचें मूळ आहे, असें आम्हांस वाटतें. आपल्या घरांतील मुलांना वडील माणसांशीं नम्रपणें वागण्याची शिकवण मिळते, आणि ती योग्यच आहे. परंतु कागद मागणें म्हणजे समोरच्याचा अपमान करणें, अशी जी भलती समजूत तिच्याबरोबर रुजते, ती मात्र घातक होय. प्रामाणिक वाहतूकदाराला बिल्टी देण्यांत कसलाही कमीपणा वाटत नाहीं.

मागावयाचें तें थोडेंच आहे. सामान प्रत्यक्ष अथवा व्हिडिओवर पाहून दिलेलें लेखी कोटेशन हवें. त्यांत बांधणी, हमाली, जिन्याची चढउतार, टोल व कर हे सारें यावें. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. सरकारी संकेतस्थळावर तो घातल्यास धंद्याचें नांव व नोंदणीची स्थिति कोणालाही पाहतां येते. महाराष्ट्रांतील नंबराचा आरंभ २७ या अंकांनीं होतो. ॲडव्हान्स थोडा द्यावा, आणि तो कंपनीच्या खात्यांतच भरावा. गाडीचा नंबर व प्रत्येक खोक्याचें छायाचित्र जवळ ठेवावें. मूळ प्रमाणपत्रें, लॅपटॉप आणि दागिने स्वतःबरोबरच न्यावे.

सीमेवरील कराच्या धाकाला तर मुळींच भुलूं नये. १ जुलै २०१७ रोजीं जीएसटी आला आणि त्याच दिवशीं मुंबईची जकातही गेली. वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिलाची सक्ति नाहीं.

रस्त्यानें माल नेणाऱ्यांसाठीं २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याअन्वयें वाहतूकदारानें नोंदणी केलेली असली पाहिजे. नुकसानभरपाई साधारणतः भाड्याच्या दसपटीपर्यंत, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीच्या आंतच मिळते. म्हणून किंमत खरी लिहावी, आणि माल मोलाचा असेल तर अधिक जोखमीचा दर ठरवून घ्यावा. ‘विम्या’चे पैसे घेतले तर विमा कंपनीची पॉलिसी पाहण्यास मागावी, नुसती पावती म्हणजे विमा नव्हे.

पुष्कळदां सामान न नेणें हेंच उत्तम. जुनी खाट व टेबल धाकट्या विद्यार्थ्यांस विकावें, पुस्तकें पोस्टानें पाठवावीं. दुचाकी रेल्वेच्या पार्सल कचेरींतून जाते. त्यासाठीं टाकी रिकामी आणि नोंदणीच्या कागदाची प्रत जवळ असावी लागते.

इतकें करूनही कोणी अडविलेंच, तर पोलिसांची पायरी चढण्यांत घराण्याला उणेपणा येतो, ही समजूत सोडून द्यावी. तांतडीनें ११२ वर पोलिसांना कळवावें. ऑनलाइन पैसे गेले असल्यास १९३० वर आणि ग्राहक म्हणून १९१५ वर तक्रार नोंदवावी. माल हरवला वा मोडला तर नोंदणीच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळें आपण राहतों त्या जिल्ह्यांतच आयोगाकडे दाद मागतां येते. गाडीच्या मागें परगांवीं धांवण्याचें कारण नाहीं.

परंतु या सर्वांहून अगोदरचा फोन घरचा असावा. आमच्या पुतण्याची गोधडी शेवटीं मिळाली, हें खरें; पण ते तीन आठवडे त्यानें परक्या शहरांत एकट्यानें काढले, तें आम्हांस त्या चौदा हजारांपेक्षां अधिक खुपतें. मुलें परगांवीं निघालीं कीं आपण त्यांच्या हातावर दहीं घालतों. त्याच वेळीं घरांतील एखाद्या वडील माणसानें सहज विचारावें, “बिल्टी घेतलीस ना रे?” आणि घेतली नसेल, तर रागावण्याऐवजीं त्याच्याबरोबर ती मागावयास जावें.