माझी पहिली जपानी तलवार, लाकडाची

दसऱ्याला दवाखान्यात आम्ही स्टेथोस्कोप, बी.पी.चं मशीन आणि ड्रेसिंगच्या कात्र्यांची पूजा करतो. यंदा त्यांच्या शेजारी एक लाकडी तलवार होती. तेव्हापासून रोज एक तरी पेशंट विचारतो, "डॉक्टर, ही कशाला?" सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. त्या निमित्ताने हाताच्या जखमा आणि कोपरदुखी यांबद्दलही थोडं बोलता येईल.

वय ५२, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, मान पुढे, खांदे आखडलेले. तुम्हाला व्यायाम सांगणाऱ्या माणसाने स्वतःही काहीतरी करायला हवं. जिममध्ये माझं मन रमत नाही. ठाण्यात रविवारी सकाळी जपानी तलवारीचा वर्ग असतो असं कळलं, तर डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून गेलो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी लाकूड. लोखंडाचं नंतर बघू." या लाकडी तलवारीला बोक्केन म्हणतात. लांबी आणि बाक खऱ्या कताना तलवारीसारखाच. खेळणं मात्र नव्हे. मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध तलवारबाजाने वल्ह्यापासून तासलेल्या लाकडी तलवारीने एका नामांकित प्रतिस्पर्ध्याला मारलं, अशी कथा जपानमध्ये सांगतात.

बायको म्हणाली, "अहो, तेवढ्याच पैशांत चकचकीत स्टीलची मिळतेय की!" तिने मोबाईलवर दाखवलीही: काळी म्यान, लाल गोंडा, सोबत लाकडी स्टँड. जपानमधल्या परवानाधारक लोहाराने घडवलेली तलवार लाखांच्या घरात जाते. (रघुजी भोसल्यांची तलवार परत आणायला २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने सुमारे ४७ लाख मोजले, पण तो विषय वेगळा.) मग दोन-तीन हजारांत मिळणारी ती काय असते? भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू. तिच्याशी माझी ओळख दवाखान्यात झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी एक आई कॉलेजातल्या मुलाला घेऊन आली. अशीच तलवार घेऊन तो गच्चीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कापत होता. तिसऱ्या-चौथ्या वाराला पातं मुठीत सैल झालं, फिरलं, आणि पडू नये म्हणून त्याने डाव्या हाताने ते धरलं. मधल्या दोन बोटांच्या तळाशी आडवी चीर. रक्त थांबलेलं होतं. "काका, टाके नाही ना लागणार?" त्याचा प्रश्न एवढाच.

चांगल्या जपानी तलवारीत पात्याची रुंद, जाड शेपटी मुठीत खोलवर जाते आणि बांबूची खुंटी मूठ आणि शेपटी यांतून आरपार घालून ती जागच्या जागी ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत ही शेपटी मुठीत लाखेने पक्की करत. शेतातल्या खुरप्यालासुद्धा लाकडात ठोकलेली शेपटी असते. शोभेच्या तलवारीत पात्याच्या बुडाला बारीक सळई जोडून तिला टोकाशी नट लावलेला असतो. मुठीवर दोरी सुंदर गुंडाळलेली असल्याने बाहेरून काही कळत नाही. शिवाय स्टेनलेस स्टील स्वयंपाकाच्या सुरीला उत्तम, पण एवढ्या लांब पात्यात आपटलं की मोडण्याची भीती. म्हणून स्वस्त तलवार घेताना धार किती हे विचारू नका, मुठीच्या आत काय आहे ते विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर ती भिंतीवरच राहू दे.

हाताचंही असंच आहे, महत्त्वाचं सगळं आत. बोट वाकवणारे स्नायू असतात कोपराखाली, पुढच्या हातात. तिथून दोऱ्यांसारखे टेंडन मनगटातून बोटांपर्यंत येतात, प्रत्येक बोटाला दोन. बोटात ते एका अरुंद नळीतून सरकतात. त्या मुलाला मी म्हटलं, "फक्त टोकाचं पेर वाकव." अनामिकेचं पेर हललं नाही. त्याच बोटाच्या एका कडेला कापूस फिरवल्याचं त्याला कळत नव्हतं, म्हणजे नसही गेलेली. रक्त थांबलं याचा अर्थ आत काही तुटलेलं नाही, असा मुळीच होत नाही. तुटलेल्या टेंडनचं टोक तळहाताकडे मागे सरकतं आणि उशीर झाला की ते शोधून जोडणं कठीण होतं. त्याला त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशन, सुमारे सहा आठवडे स्प्लिंट, फिजिओथेरपी, आणि जड काम साधारण तीन महिन्यांनंतर. बोट आज चालतं, पण मूठ पूर्ण मिटत नाही. तो तबला वाजवायचा.

घरात सुरीने, काचेने, विळीने कापलं तरी हीच तपासणी करा: प्रत्येक पेर वेगळं वाकतंय का, बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतोय का. स्वच्छ कपड्याने दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांतलं काहीही भरू नका. ते धुऊन काढण्यातच आमचा वेळ जातो. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवत नसेल तर तसं सांगा. बोटाचा तुकडाच पडला, तर तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको.

आता कायदा. मी वकील नाही, पण शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत तलवारीचं नाव स्पष्ट आहे, आणि परवान्याची अट त्या त्या भागाच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. ठाणे पोलीस आयुक्तालयात कल्याण-डोंबिवलीही येतं, आणि तिथे वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवारी-भाल्यांबरोबर लाठ्या-काठ्या बाळगण्यावरही बंदी असते. जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीतल्या एका फॅशनच्या दुकानातून पोलिसांनी तलवारींसह शस्त्रांचा मोठा साठा जप्त केला होता, हे अनेकांना आठवत असेल. ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं, असं नाही. मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. माझा बोक्केन मी वर्गातच ठेवतो किंवा बंद पिशवीतून नेतो, आणि मनाई आदेश असला की पिशवीतूनही नाही.

तर बाराशे रुपयांना लाकडी घेतला. एक डोळा मिटून लांबीभर पाहिलं, बाक एकसारखा होता. रेषा टोकापर्यंत सरळ, गाठ नाही, तडा नाही. दवाखान्यात बाळांच्या वजनकाट्यावर ठेवला तर ५४० ग्रॅम भरला. खरी तलवार साधारण याच्या दुप्पट. जवसाचं तेल चोळून दोन दिवस सुकवला, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूडही फुगतं.

घरात पंखा असल्याने फिरवायची सोय नाही, म्हणून सोसायटीची गच्ची. सरांनी शिकवलेली मुख्य गोष्ट पकडीची: जोर डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेत, अंगठा आणि तर्जनी सैल. उलट केलं की मनगट वर ताणलेलं राहतं आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटणाऱ्या टेंडनवर ताण येतो. यालाच टेनिस एल्बो म्हणतात, मग टेनिसची रॅकेट आयुष्यात हातात धरली नसली तरी! मी रोज २० वारांनी सुरुवात केली, दर आठवड्याला पाच वाढवले. दोन महिन्यांनी वरच्या फळीवरची फाईल काढताना खांदा कुरकुरत नाही. मधुमेहामुळे खांदा आखडलेल्यांनी, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि बी.पी. आटोक्यात नसलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

गच्चीवर वाळवण घालायला येणाऱ्या शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "डॉक्टर, माझं कोपर पोळ्या लाटून दुखतं, मीही हे करू का?" तपासलं तर टेनिस एल्बोच. त्यांना म्हटलं, तलवार नको. कपडे पिळणं सध्या काकांकडे द्या. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. त्या हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरा, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला आणि सावकाश, पाच मोजत खाली सोडा. रोज १५ वेळा, थोडं दुखलं तर चालेल, रात्री ठणकलं तर बाटली अर्धी रिकामी करा. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर परत दाखवा.