मेलुकोटे : नसलेल्या गोष्टी

डोळे. कुरेशांचे आणि महापूर्णांचे. श्रीवैष्णव परंपरा सांगते ते असे : चोळ राजाने रामानुजांना दरबारात बोलावले, शिवापरता श्रेष्ठ कोणी नाही असे लिहून घेण्यासाठी. शिष्य कुरेश गुरूंची भगवी वस्त्रे नेसले आणि म्हाताऱ्या महापूर्णांना सोबत घेऊन राजापुढे उभे राहिले. लिहून दिले नाही. डोळे गेले. महापूर्ण परतीच्या वाटेवरच वारले. रामानुज तोवर पांढऱ्या वस्त्रांत, जंगलातून, होयसळांच्या मुलखाकडे निघाले होते. पुढची बारा वर्षे त्यांना ज्या गावाने सांभाळले ते हे मेलुकोटे. बंगळुरूहून मंड्या, पांडवपुरामार्गे सकाळभरात पोचता येते.

जैन बसद्या, म्हणजे मंदिरे. वाटेत तोण्णूर लागते. होयसळ राजा बिट्टिदेव जैन होता. रामानुजांच्या प्रभावाने तो वैष्णव झाला, विष्णुवर्धन म्हणवू लागला. राणी शांतला जैनच राहिली. तोण्णूरच्या तळ्याचा बांध पाडलेल्या बसद्यांच्या दगडांचा आहे, वादात हरलेल्या जैनांना घाण्यात पिळले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. घाण्याची गोष्ट मला पटत नाही. याच राजाच्या काळात जैनांना दाने मिळाल्याचे शिलालेख आहेत. पण ज्याला पळावे लागले त्याच्याच नावाने ही गोष्ट सांगितली जाते, हे मनातून जात नाही.

हेच तळे म्हणजे आपल्या इतिहासातला मोती तलाव.

लाकडी रथ. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठे यांच्या फौजेने चिनकुरळीजवळ म्हैसूरच्या हैदरअलीचा पुरता मोड केला. हैदर कसाबसा श्रीरंगपट्टणात शिरला. इतके आपण शाळेपासून वाचतो, आणि अभिमानाने वाचतो. पुढचे पान म्हैसूरच्या गॅझेटियरमध्ये आहे. फौज जवळ आलेली पाहून मेलुकोट्याचे ब्राह्मण गाव सोडून गेले. आलेले लोक आपल्याच धर्माचे, म्हणून थांबावे असे त्यांना वाटले नाही. गाव लुटले गेले. देवाच्या मोठ्या रथांना लोखंड होते. ते काढून घेण्यासाठी रथ पेटवले. आग देवळांपर्यंत पोचली आणि त्यांतली काही जळून गेली.

हे मराठ्यांनी केले. शृंगेरी मठाची लूट आपल्याकडे निदान वादापुरती तरी निघते. मेलुकोट्याचे नाव मी मराठीत क्वचितच वाचले आहे. त्या रथांवर काय कोरले होते, ते किती उंच होते, पुढे पुन्हा कोणत्या सुतारांनी घडवले, याची ओढ मला लढाईच्या डावपेचांहून अधिक आहे. किती लोखंड निघाले असेल? कड्या, खिळे, चाकांच्या धावा. एवढ्यासाठी.

अशा गोष्टीची कबुली उशिराही देता येते. अमेरिकेत मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांना हाकला, नाहीतर नष्ट करा, असा लेखी हुकूम काढला होता. त्यांचे फार वेस्ट नावाचे गाव ओस पडले. जिथे मंदिर व्हायचे होते तिथे आज कोपऱ्यांचे दगड तेवढे राखले आहेत. तो हुकूम त्याच राज्याने १९७६ मध्ये खेद व्यक्त करून रद्द केला. एकशे अडतीस वर्षे लागली, पण कागद निघाला. मेलुकोटे जाळण्याचा लेखी हुकूम कोणी काढल्याचे मला माहीत नाही, म्हणून रद्द करायलाही काही नाही. तरी चिनकुरळीच्या विजयाखाली एक ओळ लिहिता येईल. ती आपणच लिहायला हवी.

नरक चतुर्दशीचे दिवे. मेलुकोट्याच्या मंड्यम अय्यंगार ब्राह्मणांची बरीच घरे आता बंगळुरूत आहेत. दिवाळीच्या त्या पहाटे सगळा मल्लेश्वरम् फटाक्यांनी दणाणतो आणि त्यांच्या उंबऱ्याशी सण नसतो. म्हैसूरची राणी लक्ष्मम्मण्णी वोडेयरांचे राज्य परत मिळवण्यासाठी इंग्रजांशी संधान बांधत होती. त्या कामातले तिरुमलराव आणि नारायणराव याच समाजाचे. त्याचा सूड म्हणून टिपूने त्यांच्या आप्तांची याच दिवशी कत्तल केली, असे हा समाज सांगतो. कोणी सातशे म्हणतात, कोणी आठशे. कोणी श्रीरंगपट्टण म्हणतात, कोणी मेलुकोटे. समकालीन पुरावा तुटपुंजा आहे, आणि याच टिपूने इथल्या देवळाला हत्ती आणि नगारा दिल्याचीही नोंद आहे. इतिहासकारांनी भांडावे, भांडलेच पाहिजे. पण दोन शतके एखाद्या समाजाने घरचा सण पाळला नाही, तर ते दुःख राजकारणात कोणाच्या उपयोगी पडते यावरून मोजू नये. अलीकडे ते तसेच मोजले जाते.

ओटे. देवळाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत कितीतरी घरांना कुलूप आहे. काहींची कौले आत पडली आहेत. चौकात एरंड वाढला आहे. दगडी ओटे शाबूत आहेत, पण बसणारे नाहीत. ही घरे कोणी जाळली नाहीत. मुले शिकली, म्हैसूरला गेली, बंगळुरूला गेली, तिथून परदेशी. वैरमुडीच्या उत्सवाला, मंड्याच्या तिजोरीतला हिऱ्यांचा मुकुट पोलीस पहाऱ्यात येतो त्या रात्री, गल्ली माणसांनी भरते. मग पुन्हा कुलपे.

पु. ति. नरसिंहाचार याच गावचे, १९०५ चा जन्म. नोकरीसाठी गाव सुटले. कन्नडमध्ये त्यांनी ‘गोकुल निर्गमन’ लिहिले, कृष्ण गोकुळ सोडतो त्याबद्दल. त्यांचे घर आता स्मारक आहे, म्हणून ते तेवढे नीट आहे.

नामाची माती. इथल्या टेकडीतली पांढरी माती गंधासाठी काशीपर्यंत जाई.

बोली. मंड्यम तमिळ : शेकडो वर्षे कानडीच्या शेजारात राहिलेली, तमिळनाडूतल्या माणसाला थबकायला लावणारी. आजी बोलते, नात समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. १८५४ ची संस्कृत पाठशाळा चालू आहे, ताडपत्रे जपायला संशोधन संस्था आहे. या बोलीसाठी मात्र घरे होती, आणि घरांचे वर सांगितलेच.

कोळ, म्हणजे पायऱ्यांची तळी. म्हणायला एकशे आठ. अक्का-तंगी या जोडतळ्यांवर अजून लोक येतात. बाकीची गवतात शोधावी लागतात.

तीन दिवसांची मर्यादा. इथल्या देवाची दिल्लीला गेलेली उत्सवमूर्ती परत आणताना अस्पृश्य मानलेल्या लोकांनी मदत केली, म्हणून रामानुजांनी त्यांना तिरुकुलत्तार, म्हणजे श्रेष्ठ कुळाचे, असे नाव दिले आणि वर्षातून तीन दिवस देवळात येण्याचा हक्क दिला, अशी परंपरा. त्या काळी ते मोठेच होते. पण शतके उलटली तरी तीनाचे चार झाले नाहीत, आणि ते दिवस संपले की देऊळ शुद्ध करून घेत. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने ती मर्यादा गेली. तिरुकुलत्तारांची नातवंडे आता कुठल्याही मंगळवारी आत जाऊ शकतात.