आईच्या गोधड्या

सध्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. ओटीवर एक गोधडी अंथरलेली, आतल्या खोलीत दुसरी, आणि खाटेखाली तिसरीच्या चिंध्यांचे गाठोडे. पाहुणा आला की आई आधी ओरडते, "सुई बघून बसा!" चहापाण्याचे त्यानंतर.

आईचे वय सत्तर. गोधड्या शिवते त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. काही महिन्यांनी ते पेटी-वळकटी घेऊन गावी आले. आम्ही तेव्हा चार वर्षांचे. आई दिवसा दुसऱ्याच्या शेतात लावणी करायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात लोकांच्या गोधड्या शिवायची. मजुरी कधी पायलीभर भात, कधी नुसतेच "मागाहून देतो". काही घरांचे ते मागाहून अजून आलेले नाही. असो.

गोधडी शिवणे सोपे वाटते, पण तसे नाही. खाली नऊवारी लुगडे ताणून अंथरायचे. त्यावर जुन्या साड्या, धोतरे, सदरे यांचे थर, विरलेल्या जागेवर धड तुकडा येईल असे लावायचे. वर दुसरे लुगडे. मोठे टाके घालून सगळे जागेवर धरायचे आणि कडेपासून धावदोऱ्याने ओळीमागून ओळ आत आत जायचे. एक सुरकुती राहिली तरी तिथे गोळा होतो आणि रात्रभर बरगडीला टोचतो. कापड सुतीच हवे. नायलॉन सरकते, टेरिकॉटमध्ये सुई अडते. सुती लुगडी नेसणाऱ्या बायाच आता कमी उरल्या, त्यामुळे लुगडे मिळाले की आईला सोने मिळाल्यागत होते.

मागे वर्षावासात आम्ही विहारात विनयपिटकातली हकिगत वाचून दाखवली. मगधातील भातशेतीचे बांध पाहून तथागतांनी आनंदाला त्याच आकृतीचे चीवर बनवायला सांगितले आणि त्याने ते तुकडे जोडून करून दाखवले. घरी येताना आई म्हणाली, "म्हंजी आनंदाला शिवान येत व्हतं!" बाकी प्रवचनाबद्दल ती काही बोलली नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. एस.टी. डेपोतल्या गाड्यांचे टप तेवढे दिसत होते. आमच्या खोलीत पुरुषभर पाणी. आई शेजारच्या माडीवर गेली, हातात फक्त कागदपत्रांची आणि औषधांची कापडी पिशवी. पाणी ओसरल्यावर आम्ही कार्यकर्ते म्हणून दुसऱ्यांच्या घरांतला गाळ उपसायला पुढे. स्वतःच्या घरात मात्र घाईघाईने फावडे मारले आणि चिखलाने जड झालेल्या चार गोधड्या रस्त्यावरच्या ढिगाऱ्यावर टाकल्या. त्यात एक आजीच्या लुगड्याची आणि बाबांच्या धोतराची होती. बाबा २०११ साली गेले. आईला विचारायचे आम्हाला सुचले नाही.

संध्याकाळी तिने विचारले, "माजी गोधडी कुठं हाय रं?" आम्ही सांगितले. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर दोन वर्षे तिने सुई हातात घेतली नाही. आम्ही डोळ्यांचे निमित्त सांगत राहिलो, मोतीबिंदूचे ऑपरेशनही करून घेतले.

आता तीन गोधड्या एकदम चालू आहेत. भाचीच्या बाळासाठी दुपटे जवळजवळ झाले. दुसरी शेजारच्या मुलीची. तिची आई गेली, तिच्या पाच साड्या तिने आणून दिल्या. त्या कामाचे आई पैसे घेत नाही, दोरा तेवढा आणायला सांगते. तिसरी आमची. प्रत्येकाने एक कपडा द्यायचा होता. आम्ही कचेरीचा शर्ट दिला, तो टेरिकॉटचा म्हणून परत आला. शेवटी लहानपणापासूनची एक सुती लुंगी चालली.

मधल्या थराला काय घालणार, हे ती सांगत नव्हती. परवा पाहिले तर पुरात हाती राहिलेली ती पिशवी उसवत बसली होती. बाबांनी गिरणीतून आणलेल्या कटपीसची ती पिशवी, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

ऑपरेशन होऊनही सुईत दोरा ओवणे तिला जमत नाही. कामावर जाण्यापूर्वी आम्ही दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. संध्याकाळी आलो की त्यातल्या आठ-नऊ रिकाम्या असतात, आणि दहावी तिच्या हातात.